पाळण्याची मर्यादा : हेलिकॉप्टरमधील बचाव-जलतरणपटूंच्या उदयाची मीमांसा

१९८४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तटरक्षक दलासंबंधी जो कायदा संमत केला, त्यातील एक कलम कोणत्याही अभ्यासकाचे कुतूहल जागे करील असे आहे. हेलिकॉप्टरमधून समुद्रात उतरून बुडणाऱ्यास वाचवू शकतील असे पोहणारे दलाने शिकवून तयार करावेत, असा आदेश त्या कलमाने दिला. समुद्रावरील बचाव हेच ज्या दलाचे प्रधान कर्तव्य, त्याला पाण्यात उतरण्याची आज्ञा विधिमंडळाने करावी, यात काही विसंगती आहे. शिवाय या दलाचा हेलिकॉप्टरशी परिचय तोवर चाळीस वर्षांचा झाला होता. मग इतका विलंब का लागला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

त्याचे प्रचलित उत्तर एका जहाजाच्या बुडण्यात शोधले जाते. ते उत्तर चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे.

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी कनेक्टिकट राज्याच्या किनाऱ्याजवळ पेनफील्ड खडकावर तेलवाहू बार्ज अडकला असता सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरने विंचच्या साहाय्याने त्यावरील दोघांना उचलून घेतले. विंचद्वारा झालेल्या नागरी बचावाचा आरंभ बहुधा या प्रसंगापासून मानतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ते दोघेही बार्जवर उभे होते, शुद्धीवर होते आणि खाली आलेला पट्टा स्वतःच्या हातांनी अंगाखाली घेण्यास समर्थ होते. वरून साधन सोडावे आणि खालच्या माणसाने ते पकडावे, ही कल्पना या पहिल्याच यशाने दृढ झाली. पुढे पट्ट्याची जागा धातूच्या पाळण्याने घेतली. परंतु त्यामागील गृहीतक बदलले नाही.

जो माणूस पाळण्यात चढू शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. ब्रिटिश नौदलातील जॉन स्प्राऊल यांनी बेशुद्ध माणसास पाण्यातून मासळीप्रमाणे उपसून काढणारे जाळे तयार केले. ब्रिटिश हवाई दल व नौदल यांत तारेला बांधलेला विंचमन खाली सोडण्याची पद्धतही रुळली. अमेरिकन तटरक्षक दलाने निराळा मार्ग धरला. १९६३ पासून वापरात आलेले एच.एच. ५२ आणि त्यानंतरचे एच.एच. ३ एफ ही दोन्ही हेलिकॉप्टरे नौकेसारख्या तळाची असून पाण्यावर उतरू शकत. समुद्र शांत असल्यास पाण्यावर टेकावे, बाजूची फळी उघडावी आणि माणसास आत ओढावे, अशी ती व्यवस्था होती. ज्यांचे यंत्रच पाण्यात उतरते, त्यांना माणूस उतरविण्याची निकड भासली नाही. माझ्या मते विलंबाचे हे कारण कोणत्याही प्रशासकीय अनास्थेपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

शिवाय यशानेही दिशाभूल केली. ४ ऑक्टोबर १९८० रोजी अलास्काच्या आखातात ‘प्रिन्सेनडॅम’ या प्रवासी जहाजास आग लागली. त्यावरील पाचशेहून अधिक माणसांपैकी एकही दगावले नाही. जीवननौकांतील वृद्ध प्रवाशांना पाळण्यात बसवून हेलिकॉप्टरांनी तासन्तास वर उचलले. हा पराक्रम निःसंशय थोर होता. पण ते प्रवासी पाण्यात नव्हते, नौकांत होते, ही गोष्ट त्या कौतुकात झाकली गेली.

सव्वादोन वर्षांनी ती उघडी पडली. ‘मरीन इलेक्ट्रिक’ हे कोळसावाहू जहाज मूळचे १९४४ साली बांधलेले, नंतर लांबी वाढवून रूपांतरित केलेले आणि झाकणांपर्यंत गंजलेले होते. नॉरफोकहून मॅसॅच्युसेट्सकडे जाताना १२ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटे ते व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० मैलांवर उलटले. चौतीस माणसे सुमारे ४ अंश सेल्सियस तपमानाच्या पाण्यात फेकली गेली. तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर पोहोचले तेव्हा पाण्यात माणसे दिसत होती, दिवे दिसत होते, पाळणा अगदी त्यांच्या हाताशी सोडला जात होता. परंतु ते हात मिटेनात. थंडीने बोटे निकामी झालेल्या माणसास हातभर अंतरावरील पाळणा आणि क्षितिजावरील जहाज यांत भेद उरत नाही. तसल्या लाटांत हेलिकॉप्टर पाण्यावर टेकविण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर नौदलाचे हेलिकॉप्टर मागविण्यात आले. त्यातील जेम्स मॅक्‌कॅन हा जलतरणपटू पाण्यात उतरला आणि स्वतः गलितगात्र होईपर्यंत एकेका देहापाशी पोहत राहिला. चौतिसांपैकी तिघे वाचले.

विमानातून समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी नौदलाने असे जलतरणपटू आधीपासून बाळगले होते. म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हता. एका दलातील ज्ञान दुसऱ्या दलाने आपले मानले नव्हते, इतकेच. १९८४ च्या कायद्याने हा अडसर दूर केला. त्याच सुमारास पाण्यावर उतरू न शकणारी नवी एच.एच. ६५ हेलिकॉप्टरे दलात येऊ लागली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘मरीन इलेक्ट्रिक’ बुडाले नसते तरी हा प्रश्न काही वर्षांत दाराशी आलाच असता. दुर्घटनेने कालनिर्णय केला. कारणे जुनीच होती. १९८५ साली नॉर्थ कॅरोलायनातील एलिझाबेथ सिटी येथील तळावर पहिले जलतरणपटू रुजू झाले. ज्यांच्यावर हे काम सोपविले ते हवाई छत्र्या, तराफे व जीवरक्षक जाकिटे यांची निगा राखणारे कारागीर होते. आजही दलातील जलतरणपटूस शिवणयंत्रावर बसून उपकरणे दुरुस्त करावी लागतात. वृत्तपत्रांतून त्याची जी वीरमूर्ती रंगविली जाते तीत या शिवणकामास स्थान नसते.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे इष्ट आहे. जलतरणपटू तारेने उतरतो किंवा कमी उंचीवरून सरळ उडी घेतो, आणि पुष्कळदा तारेपासून सुटा होतो. पात्यांच्या वाऱ्याने उडणारे तुषार श्वास घेऊ देत नाहीत व भिजलेल्या माणसास अधिकच गारठवितात. यंत्राच्या आवाजात बोलणे अशक्य, म्हणून सारा व्यवहार हातांच्या खुणांनी चालतो. भयाने वेडावलेला माणूस आधारासाठी वाचविणाऱ्यासच बुडवू पाहतो, त्यामुळे त्याला मागून धरण्याचे व त्याच्या मिठीतून पाण्याखाली निसटण्याचे शिक्षण दिलेले असते. हेलिकॉप्टरवर साचलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून पाळणा आधी पाण्याला टेकू देतात. या साऱ्याहून बिकट असतो क्रमनिर्णय. इंधन मोजके असते. प्रथम कोणास न्यावे हे बहुधा एकट्या पोहणाऱ्यासच पाण्यातून ठरवावे लागते.

वर उचलण्याची क्रियाही निरुपद्रवी नाही. पाण्याचा दाब देहास एक प्रकारे सावरून धरीत असतो. गारठलेल्या माणसास उभ्याने वर खेचले की तो आधार सुटतो, रक्तदाब कोसळतो व हृदय बंद पडू शकते. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट नौकाशर्यतीत पंधरा स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी काही जण बचावनौकेवर चढत असतानाच गेले. ब्रिटिश नौदलाचे वैद्य फ्रँक गोल्डन व त्यांचे सहकारी यांनी या घटनेची मीमांसा केली. काखेखाली एक व गुडघ्यांखाली एक असे दोन पट्टे लावून माणसास शक्य तितके आडवे उचलण्याची पद्धत याच विचारातून दृढ झाली. अर्थात दुसरा पट्टा गुडघ्यांखाली घालण्यासही पाण्यात कोणीतरी असावे लागते.

डिसेंबर १९८७ मध्ये अलास्कातील सिटकाजवळ वादळी रात्री ‘ब्लूबर्ड’ या मासेमारी नौकेवरील पिता व त्याचा सहा वर्षांचा मुलगा यांना जेफ टंक्स याने वाचविले. बचाव-जलतरणपटूस विशिष्ट उड्डाण पदक मिळण्याचा तो पहिला प्रसंग. नव्या व्यवस्थेचा पुरावा म्हणून या घटनेचा उल्लेख वारंवार होतो व तो योग्यही आहे. पण त्याच्या शेजारी दुसरी घटना ठेवावयास हवी. २८ फेब्रुवारी २००४ रोजी ‘बो मरीनर’ हे इथॅनॉलवाहू जहाज, ‘मरीन इलेक्ट्रिक’ जेथे बुडाले त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यासमोर, स्फोट होऊन बुडाले. या वेळी हेलिकॉप्टरात जलतरणपटू होता. त्याने तराफ्यातील तेलाने माखलेल्या सहा जणांना एकामागून एक पाळण्यात घालून वर पाठविले. जहाजावर माणसे सत्तावीस होती.