भिंतीआडचा लाकडी सांगाडा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते दगडासाठी. यादवकालीन मंदिरे, गोकुळेश्वराची बारव आणि उंच कोरीव स्तंभ यांची छायाचित्रे वारंवार पाहायला मिळतात. अशा गावांच्या जुन्या गावठाणातील घरांकडे मात्र कॅमेरा क्वचितच वळतो. हैदराबाद संस्थानात 1914 साली पुरातत्त्व खाते स्थापन झाले. त्याचा भर लेणी, देवळे, मशिदी आणि किल्ले यांवर होता. संस्थान गेले, खाते बदलले, नजर फारशी बदलली नाही.

पण दोष केवळ नजरेचा नाही, काही वाटा घराच्या घडणीचाही आहे. युरोपातील लाकडी चौकटीची घरे आपला सांगाडा रस्त्यावरच मांडतात. जर्मनीत झीगन परिसरातील अशा घरांची छायाचित्रे बर्न्ड आणि हिला बेखर या दाम्पत्याने 1959पासून घेतली. ढगाळ उजेडात, घरासमोर सरळ उभे राहून. तेवढ्याने काम भागले, कारण प्रत्येक उभे-आडवे लाकूड दर्शनी भिंतीतच होते.

मराठवाड्यातील घर याच्या उलट आहे. बाहेरून दगडमातीची जाड, जवळजवळ बिनखिडक्यांची भिंत आणि एक दरवाजा दिसतो. ढेळज ओलांडून चौकात आल्यावर लाकूड दिसू लागते. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. घर किती मोठे, हे लोक खणांतच सांगत. चांगल्या बांधणीत छताचा भार खांब घेतात, भिंत केवळ आडोसा करते. म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या चित्रात घराचा आडोसा येतो, घर येत नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे दिसले. किल्लारीच्या भूकंपात 8,000च्या आसपास माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि माळवदाची माती अंगावर कोसळली. तरीही काही ठिकाणी भिंती ढासळूनही खांबांवरचे छत उभे राहिल्याची नोंद पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी केली. लोकांच्या मनात मात्र ‘माळवद म्हणजे मरण’ एवढेच ठसले, आणि ज्यांनी ते सोसले त्यांना दोष कसा देणार? परंतु कोणता सांगाडा तगला आणि का, हे पुढच्यांना कळायचे तर सांधे, तळखडे आणि भिंतीत दडलेले खांब यांची चित्रे हवीत.

त्यासाठी घरात जावे लागते, आणि घर म्हणजे देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली. तिथे आधी बोलणे, मग चहा, आणि कॅमेरा सर्वांत शेवटी. चित्रात मोजपट्टी ठेवावी, चौकाच्या चारही बाजू एकाच उंचीवरून घ्याव्यात, माळवदाची खालची बाजू विसरू नये. सांगाडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो घर पाडताना, भिंती उतरल्यावर. ती संधी एक-दोन दिवसांचीच असते. मग सागवान विकले जाते आणि खांब एकेक करून वेगवेगळ्या गावांना जातात.

लंडनमध्ये ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही जुनी सराई पाडली जाणार म्हणून 1875 साली काही मंडळी एकत्र आली आणि त्यांनी तिच्या चौकातील लाकडी सज्जांची छायाचित्रे घेववली. सराई वाचली नाही. पण काम 1886पर्यंत चालले आणि जुन्या लंडनची 120 चित्रे उरली.

आपल्याकडे एक पथ्य जास्तीचे पाळावे लागेल. नक्षीदार खांबाचे चित्र पत्त्यासह प्रसिद्ध झाले की अभ्यासकाआधी लाकडाचा व्यापारी दारात पोचतो. म्हणून चित्राचा एक संच घरमालकाला द्यावा, दुसरा तपशिलासह ग्रंथालयात ठेवावा. छापताना गावाचे नाव पुरे, घराचे नको. स्तंभ आणि बारव यांचा काळ सांगायला दगड आहेच. त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी छप्पर कसे पेलले, हे सांगणारे लाकूड मात्र दर पावसाळ्यात कमी होत आहे.