कोणाची हो गाडी?

रत्नागिरीतून गाडी चोरून न्यायची तर चोराला भूगोल चांगला यायला हवा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट, कराडला जायचं तर चिपळूणवरून कुंभार्ली, मुंबईला जायचं तर परशुराम आणि मग कशेडी. किनाऱ्याकिनाऱ्याने सटकावं म्हटलं तर मध्ये खाड्या. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली, त्याआधी तिथून पलीकडे गाडी न्यायची म्हणजे चिपळूणपर्यंतचा वळसा. आणि आता फेरीबोट आहे म्हणून चोर काय तिकीट काढून रांगेत उभा राहणार? (राहीलही म्हणा, आपल्याला कुठे कळणार आहे!)

पण आमच्याकडच्या गाड्या वर्षानुवर्षं शाबूत राहिल्या त्या काही घाटांमुळे नव्हे. राहिल्या त्या एका प्रश्नामुळे. कुठल्याही वाडीत नवी गाडी येऊन थांबली की पहिला भेटेल तो माणूस विचारतोच, "कोणाची हो गाडी? कोणाकडे आलात?" शहरातून आलेल्यांना ही भोचक चौकशी वाटते. असेलही. पण गाडीच्या सुरक्षेचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की जगभरात शंभर वर्षं जी काही कुलपं नि यंत्रं निघाली, ती सगळी या एका प्रश्नाची बदली कामगार आहेत.

सुरुवातीच्या मोटारींना आजच्यासारखी किल्ली नसायचीच. पुढून हँडल मारून गाडी चालू करायची, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट जायचं. म्हणजे गाडी चोरायला आधी ती चालू करता यायला हवी, आणि ते येणारे थोडेच. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने बटणावर चालू होणारी गाडी आणली. त्यामागे चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. मालकाची सोय झाली, ओघाने चोराचीही झाली. या केटरिंगच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, थोडक्यात डेल्को. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरला आपले मेकॅनिक 'डेल्को' म्हणतात ना, ते हेच नाव. ओहायोतल्या कंपनीचं नाव साळवी स्टॉपपर्यंत येऊन पोचलं आणि कोणाला पत्ता नाही!

डेल्कोच्या झाकणाखाली एक छोटा तुकडा फिरत असतो, रोटर. तो प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटतो. तो काढला की गाडी म्हणजे नुसतं घर. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैनिक उतरलेच तर त्यांना आयत्या गाड्या मिळू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये सरकारने हुकूमच काढला होता की गाडी सोडून जाताना ती निकामी करून जा. लोक रोटर खिशात घालून फिरत. आमचे अण्णाकाका जीप घेऊन जत्रेला गेले की नेमकं हेच करायचे. त्यांना ब्रिटनचं काही ठाऊक नव्हतं, कोणा ड्रायव्हरने शिकवलं होतं. काकू म्हणायची, सदऱ्याच्या खिशाला काळे डाग पडतात ते याच्याने.

आता या इतिहासातला मला सगळ्यात आवडलेला भाग. स्टिअरिंग लॉक. किल्ली काढली की चाक अडकतं, ते. पश्चिम जर्मनीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते सक्तीचं झालं, आणि नुसतं नव्या गाड्यांना नाही, रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांनाही. १९६३ पर्यंत सगळ्यांना बसलं. चोऱ्या धाडकन खाली आल्या आणि खालीच राहिल्या. ब्रिटनने तेच कुलूप १९७१ पासून आणलं, पण फक्त नव्या गाड्यांना. मग काय झालं? नव्या गाड्या वाचल्या आणि जुन्यांच्या चोऱ्या वाढल्या. चोर शेजारच्या गाडीकडे वळला, इतकंच. पुढे गुन्हेशास्त्रवाल्यांनी या उदाहरणावर बरंच लिहिलं. मला मात्र ते वाचताना शेजारी आठवले. आपण कुलूप लावतो तेव्हा चोराला 'चोरी करू नको' असं सांगत नसतो, 'इथे नको' असं सांगत असतो.

अण्णाकाकांची गाडी शेवटी गेलीच. रत्नागिरीत नव्हे, ठाण्यात, १९९६ साली. जीप विकून प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन ती मोटार घेतली होती. लग्नाला गेले होते, हॉलबाहेर रांगेत गाडी लावली, आणि तिथे कोणी कोणाला 'कोणाची हो गाडी' विचारणारं नव्हतं. जो तो समजला, वऱ्हाडातल्याच कोणीतरी काढली असेल. पोलिसांत ३७९ खाली तक्रार नोंदली गेली. (चोरीचं हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०३ झालं आहे.) विमा होता, पण नुसता थर्ड पार्टी. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. कायद्याने सक्तीचा तेवढाच, आणि त्यात आपली गाडी चोरीला गेल्याचा एक पैसा मिळत नाही. उचलीचे हप्ते पगारातून कापले जात राहिले, चार वर्षं, नसलेल्या गाडीचे. काका पुढे किती वर्षं त्या रंगाची गाडी दिसली की मान वळवून नंबर बघायचे. आईला तो नंबर अजून पाठ आहे.

अशा गाड्यांचं पुढे काय होतं? काही सुट्या होऊन भंगार बाजारात जातात, काहींचा चासी नंबर घासून दुसरा ठोकतात. म्हणजे चोराला गाडीपेक्षा तिची ओळख पुसणं महत्त्वाचं. काचांवर गाडीचा नंबर कोरून घ्यायची जुनी युक्ती म्हणूनच मला पटते. स्वस्त आहे, आणि सहा काचा बदलायच्या म्हटलं की व्यवहार अवघड होतो. सरकारी पाट्यांचं मूळही तिथेच. १९८९ नंतरच्या पद्धतीत रत्नागिरीला एमएच ०८ मिळालं, सिंधुदुर्गाला ०७, कोल्हापूरला ०९. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी आली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला वेगळा क्रमांक, आणि काढली तर मोडणारं कुलूप. महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये तारखांवर तारखा वाढत गेल्या ते सगळ्यांनी अनुभवलंच. मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. लोकांनी भरपूर कुरकूर केली. मला विचाराल तर अण्णाकाकांच्या गाडीला ती असती तर हवी होती.

मग आलं इमोबिलायझर. किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप, तिला सेलही लागत नाही. इग्निशनभोवतीची तार तिला जागी करते, चिप आपला संकेत सांगते, तो जुळला तरच इंजिनाला पेट्रोल नि ठिणगी मिळते. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. अमेरिकेत सक्ती नव्हती, त्यामुळे किया आणि ह्युंदाईच्या तिथल्या बऱ्याच गाड्यांत २०२१ पर्यंत ते नव्हतं. २०२१-२२ मध्ये पोरांनी यूएसबीच्या टोकाने गाड्या चालू करायचे व्हिडिओ टाकले आणि चोऱ्यांचा पूर आला. कंपन्यांनी मग काय वाटावं? चाकाला अडकवायचा लोखंडी दांडा! साठ वर्षांनी फिरून पुन्हा स्टिअरिंग लॉक.

दांड्याची, गिअर लॉकची आमच्याकडे अडचण वेगळीच. खारी हवा आणि चार महिने पाऊस. दोन पावसाळ्यांत कुलूप गंजतं, किल्ली फिरेना झाली की माणूस ते लावायचं सोडून देतो. त्यात खोबरेल घालू नये. जानेवारीच्या पहाटे ते थिजतं आणि मग चोर राहू दे, मालकच बाहेर. शिलाई मशीनचं तेल किंवा पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी.

गणपतीत तर नीट बघायलाच हवं. घर पाखाडीखाली, गाडी वर रस्त्यावर. रात्री आरतीला सगळे खाली, आणि त्या आठवड्यात वाडीत निम्म्या गाड्या अनोळखीच असतात. विचारणारे तरी कोणाकोणाला विचारणार? उजेडाखाली लावावी, चाक कठड्याकडे वळवून ठेवावं, दांडा घालावा. बटणाची किल्ली असेल तर ती दाराजवळच्या खुंटीला टांगू नये. तिच्या लहरी लांबून पकडून गाडी उघडणारे चोर आता आहेत. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर बहुधा अडतात. डबा हातात घेऊन गाडीपाशी जाऊन बघावं, दार उघडलं तर डबा बदलावा.

आणि हो, पूर्ण विमा असला तरी दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. तेव्हा घरात एकदा विचारून बघा, दुसरी किल्ली नेमकी कुठे आहे. आमच्याकडे या प्रश्नावर काल तीन माणसांनी तीन कपाटं दाखवली.