पखवाजाची कणीक

पखवाजाच्या उजव्या पुडीवरची शाई कायमची बसवलेली असते. डाव्या पुडीला मात्र दर वेळी ताजी कणीक मळून लावावी लागते. ती सैल झाली तर आवाज लोळतो, घट्ट झाली तर घुमारा धरत नाही. भजन लांबलं की सुकून कडा सोडते. मग वाजवणारा बोटं पाण्यात बुडवून तिच्यावरून फिरवतो. शेवटची आरती झाली की ती खरवडून टाकायची. लालबागच्या आमच्या चाळीत ही कणीक आजीच्या खाणावळीतून जायची. शनिवारी रात्री कोणीतरी दारात उभा राही आणि "मावशी, गोळा" एवढंच म्हणे. आजी परातीतून मुठीएवढा गोळा तोडून देई आणि वर बजावी, "वहीत लिव."

गोळ्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. पण लिहायचा मात्र. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं गहू मोजूनमापून मिळत होता, हे एक कारण. दुसरं तिचं तीच सांगे, "फुकट दिलेला माणूस इसारता. लिवलेला ऱ्हवता."

गंमत म्हणजे तिला स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. वही जेवणारे गिरणीकामगारच लिहीत. प्रत्येकाचं पान वेगळं. जेवून उठताना ज्यानं त्यानं आपल्या पानावर तारीख घालून रेघ मारायची, पाहुणा आणला असेल तर दोन रेघा. देणेकऱ्यांच्याच हातात हिशेब ठेवणारी ही एकटीच सावकारीण, असं आजोबा चेष्टेनं म्हणत. कोणी रेघ चुकवली तर, असं मी विचारलं होतं. "चुकवीत. भुकेलो माणूस चुकवताच. पगाराच्या दिवशी तेचा तेका कळता."

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये काढली आणि दोन वर्षांनी ती ताडदेवला चालू झाली, हे मी पुस्तकात वाचलं. आमच्या घरातला इतिहास सुरू होतो तो १८९६ च्या प्लेगापासून. चुलत आजोबा ती गोष्ट सांगत. प्लेगाच्या धास्तीनं शहर रिकामं होत होतं, गिरण्यांना माणसं मिळेनात, म्हणून जॉबर नाक्यावर उभे राहून रोजचा रोख पगार बोलत आणि जो जास्त देईल त्याच्याकडे माणसं जात. आमचा एक पूर्वज तेव्हा पळाला नाही. ही कथा दरवेळी शौर्यकथेसारखी सुरू होई, आणि शेवटी निघे ते इतकंच, की गावी जायला आगबोटीच्या भाड्याचे पैसे त्याच्याकडे नव्हते.

त्यानंतर गावची माणसं येत गेली. गाववाल्यांनी मिळून एक गाळा भाड्यानं घ्यायचा, त्यात वीस-पंचवीस बाप्यांनी राहायचं. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. आजारी पडलेल्याची जागा मात्र कोणी घ्यायची नाही, असा नियम होता. मग त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी गॅलरीत झोपावं लागे. गाळ्यात कोणाला ठेवायचं, गावी कोणाच्या घरी मयत झालं तर वर्गणी किती, कामावरून काढलेल्याला किती महिने भाडं माफ, सगळं ठरलेलं असे. आज त्या दिवसांबद्दल बोलताना लोक माणुसकीचे उमाळे काढतात. आजोबांच्या बोलण्यात उमाळा नसे. त्यात कलमं असत.

नारायण सुर्वे आमच्याच या गिरणगावात वाढले. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगारानं रस्त्यावर सापडलेलं तान्हं मूल उचलून घरी आणलं, आपलं आडनाव दिलं, आणि मराठीला एक कवी मिळाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मध्ये आला. ही हकिकत मी मोठ्या भारावल्या स्वरात आजोबांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बरा केल्यान." आणि पुढे विचारलं, "पण त्येच्या बायलेक इचारलेल्यान काय?"

आजोबा साचेखात्यात होते, दोन साच्यांवर. शेकडो साचे एकदम चालत असलेल्या त्या खात्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू जात नाही. साचेवाले खुणांनी बोलत आणि ओठ वाचत. वीस-पंचवीस वर्षांत कान बधिर होत. घरीही ते ओरडूनच बोलत. नव्यानं चाळीत राहायला आलेल्यांना वाटे, इथे रोज भांडणं आहेत. आणि असा माणूस भजनात बुवा होता! पेटीचा सूर ऐकू येतो का, असं विचारलं तर ते पेटीच्या लाकडावर कोपर टेकवून दाखवीत. सूर हाडातून येतो म्हणत. मला ते थापा मारतात असं वाटे. पण त्यांचा सूर सुटल्याचं कोणी सांगितलेलं आठवत नाही.

त्यांचं भजन कोकणातलं. आधी नमन, मग रूपाचा अभंग, गजर, गौळण, आणि शेवटी उजाडताना भैरवी. डबलबारी असली की समोर दुसरा बुवा. एकानं अभंगातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते सोडवून उलट टोला द्यायचा. ते शब्दांचं भांडणच, पण त्यालाही कायदा होता. समोरच्याचा आवाज बसला तर त्याला गरम पाणी आपल्याकडच्यांनी द्यायचं. समोरच्याचा पखवाज फुटला तर आपला द्यायचा, आणि मग त्याच पखवाजावर त्यानं आपल्याला हरवलं तर गप्प बसायचं.

चालींवरून मात्र फार वाद होत. परळला १९२२ मध्ये दामोदर नाट्यगृह उभं राहिल्यापासून नाटकांची पदं गिरणगावाच्या कानावर पडू लागली होती. आजोबांनी एका अभंगाला नाट्यपदाची चाल लावली म्हणून त्यांच्या वडिलांनी दोन शनिवार टाळ हातात धरला नाही. पुढे माझ्या वडिलांच्या पिढीनं सिनेमाची चाल आणली तेव्हा आजोबा खवळले. देव काय मराठा मंदिरात तिकीट काढून बसलाय का, म्हणाले. माझ्या मते दोघांचंही चूक होतं. ज्या चाली टिकल्या त्या कुठून आल्या हे आज गाणाऱ्या कोणालाच ठाऊक नाही.

भजनाच्या बाहेर शाहीर होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये निघालं आणि परळच्या मैदानांत रात्र रात्र पोवाडे, लोकनाट्यं होऊ लागली. आजोबा लाल बावट्याचे नव्हते, पण अमर शेखांचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उजळे. साचेखात्यातल्या माणसाला शेवटच्या रांगेतून ऐकू येणारा मुंबईतला तो एकच आवाज, असं त्यांचं म्हणणं.

खाणावळीत दोन मुलखांची माणसं शेजारी बसत. सिंधुदुर्गातली निम्मी, सातारा-कोल्हापूरकडची निम्मी. घाटावरून आलेल्या पोरांना पहिले काही महिने माशाचा वासही नको असे. मग एखाद्या रविवारी तेच पोर ताट पुढे करून म्हणे, "मावशी, बांगडो लई झ्याक झालाय." बांगडो आमचा, लई त्यांचं. आजीही पुढेपुढे "लई" म्हणू लागली आणि गावी गेल्यावर तिच्या जावांनी तिला त्यावरून हसून घेतलं. साचा, त्रासन, जॉबर, बदली, भोंगा हे शब्द तर दोघांचेही नव्हते. ते गिरणीनं दिले. वडील महापालिकेच्या शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं, शाळेत "माका-तुका" चालणार नाही. वडिलांनी ते इतकं मनावर घेतलं की घरीही बोलणं सोडलं. मला मालवणी कळते; बोलायला गेलो तर गावची माणसं सौजन्यानं शहरी मराठीत उत्तर देतात.

पण या पंगतीत सगळे नव्हते. विणताना धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडानं ओढून काढत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात पाय ठेवू देत नसत. आणि पगार तर त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आजोबा गिरणीत लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरी त्यांच्या आजूबाजूच्या साच्यांवर कोण होते हे विचारलं की ते ओठ वाचायचे थांबत. आजी स्पष्ट सांगे, "आमच्या पंगतीत ते नव्हते. त्यांची खाणावळ वायली." गाळ्याच्या सगळ्या कलमांना ही एक अलिखित वेस होती. त्या वेशीपलीकडे गाणं होतंच, आणि आमच्यापेक्षा तिखट होतं. वामनदादा कर्डक गिरणीत राबले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहताना मोठेपणी अक्षर शिकले आणि गावोगाव गाणी घेऊन फिरले. त्या जलशांना आमच्या चाळीतून कोणी गेल्याचं मी ऐकलं नाही. लालबागहून शिवडीला चालत जाता येतं.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. तोवर या बायका वाण्याच्या उधारीवर चालत आणि वाणी व्याज लावी. मंडळामुळे बँकेचं कर्ज मिळू लागलं. आजीही गेली. बँकेतल्या साहेबांनी धंद्याचा हिशेब मागितला तेव्हा तिनं पिशवीतून वही काढून दिली. साहेब पानं उलटत राहिले. प्रत्येक पानाचं अक्षर वेगळं, कुठे मोडीचं वळण, कुठे नुसत्या रेघा, मध्येमध्ये "पखवाजास गोळा १". हे कोणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. "ज्यांनी खाल्ला त्यांनी," आजी म्हणाली. कर्ज मंजूर झालं. अंगठा लावताना शाई जास्त लागली, ती तिनं तिथेच पदराला पुसली आणि वर्षभर तो डाग सगळ्यांना दाखवला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिला महिनाभर वहीत रेघा पूर्वीसारख्याच पडत होत्या. मग रविवारचे मासे बंद झाले, डाळ पातळ झाली, चपात्या जाऊन भात आला. काहींनी स्वतःहून एक वेळ येणं सोडलं. आजी त्यांना गॅलरीतून हाका मारी. भजन मात्र त्या वर्षी दर शनिवारी होत होतं, कधी नव्हे इतकी माणसं बसत, कारण कोणालाच पाळीला जायचं नव्हतं. एकदा कणीक मागायला कोणी आलंच नाही. आजीनं वर जाऊन पाहिलं तर पखवाजाला भिजवलेली राख फासून वाजवत होते. ती तशीच खाली आली, होतं नव्हतं ते पीठ भिजवलं आणि गोळा घेऊन पुन्हा वर गेली. आजोबांना तिनं चारचौघांत सुनावलं, "माझ्या घरात पीठ असा का नाय, ता माका इचारूचा. देवाक न्हय."

त्या संपाची समाप्ती कोणी रीतसर जाहीर केली नाही. माणसं एकेक करून गावी गेली, कोणी वॉचमन झाले, कोणी भाजीची गाडी लावली. वहीत मोठ्या रकमा राहिल्या. मनीऑर्डरी त्यानंतर येऊ लागल्या. पंधरा रुपये, वीस रुपये, मध्येच दोन वर्षांनी दहा. कूपनावर चार ओळींची जागा असे. दारात उभा राहून "मावशी, भूक लागलीया" म्हणणारा माणूस तिथे लिही, "सा. न. वि. वि. आपणाकडील बाकीपैकी रक्कम पाठवीत आहे, ती गोड मानून घ्यावी." वडील ते मोठ्यानं वाचून दाखवीत. आजीला त्यातला एकही शब्द त्या माणसाचा वाटत नसे. "हो तो न्हय," ती म्हणे, आणि मग पैसे मोजून, "हां, तोच." सगळ्यांचे आले नाहीत. न आलेल्यांबद्दल तिनं कधी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही, पण नावं विचारली तर तिला ती सगळी पाठ होती.

लोअर परळच्या फिनिक्स मिलचा आता मॉल आहे, चाळींच्या जागी टॉवर. आमच्या गाळ्यातली माणसं दिवा, नालासोपारा, विरारला पांगली. भजनी मंडळ मात्र आहे. भाचा त्यात पखवाज वाजवतो; नोकरी एका मॉलच्या सिक्युरिटीत, तीही पाळ्यांची. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावरची मराठी मी कौतुकानं वाचतो. परवाचा मेसेज असा होता:

"रविवारी प्रॅक्टिस ७ ला शार्प. सेकंड शिफ्टवाल्यांनी फर्स्ट हाफला येऊन जावा. पेटीचा भाता लीक हाय, रिपेरिंगची वर्गणी पर हेड २०० जीपे करा, स्क्रीनशॉट टाका. ज्यांचे पेंडिंग त्यांची लिस्ट खाली. पेंडिंग असून लिस्टमध्ये ज्याचा नाव नाय त्याची नोकरी गेलेली असा, त्याका कोणी पर्सनलवर इचारूचा नाय. त्याका प्रॅक्टिसला न्यायला बाइकवाल्याने जावा. पेट्रोल मंडळाच्या खात्यात."

खाली सतरा जणांनी अंगठे दाखवले होते, आणि एकानं विचारलं होतं की पेट्रोलची पावती कोणाकडे द्यायची.