दऱ्या की दर्या? संगणकातील अर्ध्या ‘र’चा इतिहास (थ्रेड)

शिवकालीन आरमारात ‘दर्यासारंग’ हा अधिकारी होता आणि स्वराज्य ज्या मुलखात उभे राहिले तो मुलूख दऱ्याखोऱ्यांचा. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. कागदावर हा भेद एका रेघेचा आहे. एका शब्दात ‘य’च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात ‘य’च्या आधी जोडलेला छोटासा बाक. कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा या शब्दांतही तोच बाक आहे.

संगणकाला अक्षराचा आकार ठाऊक नसतो. तो साठवतो केवळ क्रमांक. युनिकोडमध्ये ‘र’चा क्रमांक २३५२, द्विमान पद्धतीत १००१००११००००. आकार काढण्याचे काम फाँटचे. ‘र्य’ हे जोडाक्षरही एकसंध साठवले जात नाही; र, हलन्ताची खूण आणि य असे तीन क्रमांक ओळीने ठेवले जातात व त्यांवरून रफार काढावा, असा नियम आहे. मग त्याच तीन वर्णांपासून होणारा ‘ऱ्य’ कसा नोंदवायचा? पेच इथे पडला.

१९६३ सालच्या आस्की संकेतप्रणालीत सात बिटांमुळे १२८च जागा होत्या. त्या इंग्रजीपुरत्या. भारतीय लिप्यांसाठी पुढे ‘इस्की’ तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. तिच्यामागचा विचार सुंदर होता. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, म्हणून देवनागरी ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांना एकच क्रमांक. परंतु तमिळमध्ये ‘र’ दोन आहेत. त्यांतील दुसऱ्यासाठी देवनागरीत नुक्ता दिलेला ‘ऱ’ ठेवावा लागला. मराठीच्या वर्णमालेत हे अक्षर नाही. तरीही त्याचे अर्धे रूप कोणालाच लागत नसल्याने तेथे मराठीचा बाक बसवण्यात आला. थोडक्यात, द्राविडी वर्णासाठी बांधलेल्या घराच्या पडवीत वऱ्हाड उतरले!

१९९१च्याच ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावर बेतलेला होता, त्यामुळे ‘ऱ’ तिथेही पोहोचला : क्रमांक २३५३. मात्र १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘ऱ्य’साठी वेगळी वाट होती. साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आणि मग य. पुढे ‘ऱ’ची वाट अधिकृत ठरली, पण जुना मजकूर वाचता यावा म्हणून दुसरीही चालू ठेवली गेली.

परिणाम असा की डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे दोन ‘वऱ्हाड’ संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द असू शकतात. एका पद्धतीने टंकलेली बखर दुसऱ्या पद्धतीने शोधली, तर साध्या शोधात ती सापडणार नाही. आणखी मोठा धोका वेगळाच आहे. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या अनेक आज्ञावल्या अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळतात. जोडक गळाला की बाकाचा रफार होतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा एका क्षणात दर्या होतो. ‘आचाऱ्यांनी जेवण केले’ या वाक्यात स्वयंपाकीबुवा आचार्यपदी चढतात. चूक शुद्धलेखन तपासनिसालाही दिसत नाही, कारण नवा शब्दही बरोबरच असतो.

ऐतिहासिक कागदांचे लिप्यंतर करून ते संगणकावर चढवणाऱ्यांनी म्हणूनच एकच पद्धत पाळणे इष्ट, आणि ती ‘ऱ’ची. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ जिथे आहे, त्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर हलन्त, मग य किंवा ह.