‘लहान नसलेला’ देश : ओसरत्या पोर्तुगीज साम्राज्याची परिभाषा

पोर्टो येथे १९३४ साली भरलेल्या वसाहत-प्रदर्शनाचे संचालक एन्रिक गाल्वाँव यांनी एक नकाशा प्रसृत केला. युरोपच्या नकाशावर अंगोला, मोझांबिक आदी पोर्तुगीज वसाहती त्यांच्या आकारमानानुसार मांडलेल्या होत्या आणि स्पेनपासून रशियाच्या सीमेपर्यंतचा प्रदेश त्यांनी झाकून टाकला होता. शीर्षक होते, ‘पोर्तुगाल हा लहान देश नाही’. या विधानाची नकारार्थी घडण लक्षणीय आहे. आपण मोठे आहोत असे ते म्हणत नाही; लहानपणाचा आरोप आधीच झालेला आहे असे गृहीत धरून ते त्याला उत्तर देते. सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटरच्या देशाने वीस लाखांहून अधिक चौरस किलोमीटरच्या वसाहतींनी स्वतःचे आकारमान सिद्ध करावे, यात सामर्थ्यापेक्षा भयच अधिक व्यक्त होते.

हे भय जुने होते. १८८६ च्या ‘गुलाबी नकाशा’त अंगोला ते मोझांबिक असा सलग पट्टा पोर्तुगालने आपला म्हणून रंगविला, जानेवारी १८९० मध्ये ब्रिटनच्या निर्वाणीच्या खलित्यापुढे तो सोडून द्यावा लागला. त्या मानहानीच्या संतापातून रचलेले गीत पुढे पोर्तुगालचे राष्ट्रगीत झाले, ही गोष्ट पोर्तुगीज राष्ट्रवादाच्या अभ्यासकाने विसरू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘साम्राज्य’ हा शब्दच अडचणीचा ठरला. १९३० च्या वसाहत-कायद्याने वसाहती बाळगणे आणि तेथील लोकांना ‘सुसंस्कृत’ करणे हे पोर्तुगीज राष्ट्राच्या मूलतत्त्वातच अंतर्भूत आहे असे सांगितले होते. १९५१ च्या घटनादुरुस्तीने तो कायदा संविधानात विलीन केला आणि ‘वसाहती’ची ‘सागरपार प्रांत’ झाली. प्रशासन होते तसेच राहिले. बदलली ती संज्ञा. आणि तिला तात्त्विक आधारही लगेच मिळाला. ब्राझिलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेयरे शासनाच्या निमंत्रणावरून सागरपार प्रदेशांच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा १९५१ साली गोव्यातील व्याख्यानात त्यांनी लुसो-उष्णकटिबंधीय संस्कृतीची कल्पना मांडली : उष्ण प्रदेशात मिसळून जाण्याची विशेष क्षमता पोर्तुगीजांपाशी आहे. ज्या गोव्यात ही कल्पना मांडली गेली, तेथीलच त्रिस्तांव ब्रागांस कुन्हा यांनी १९४४ मध्येच पोर्तुगीज राजवटीने गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे हिरावले याचे विवेचन केले होते. राजवटीने फ्रेयरे यांना ऐकले आणि कुन्हांना कैदेत टाकले. संज्ञांचा इतिहास लिहिताना कोण बोलू शकत होते, हा प्रश्न टाळता येत नाही.

नवी परिभाषा आफ्रिकेत किती पोकळ होती, हे १९५४ च्या ‘देशी’ लोकांविषयीच्या कायद्यावरून कळते. गिनी, अंगोला व मोझांबिक हे ‘प्रांत’ खरे; परंतु त्यांतील बहुसंख्य रहिवासी नागरिक नव्हते. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर मात्र पोर्तुगालने आपल्याकडे एकही अस्वयंशासित प्रदेश नसल्याचे सांगितले. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने ते अमान्य करून गोव्यासह या प्रदेशांची नावनिशीवार यादीच ठरावात घातली.

नकाशाकारानेही तोवर आपला नकाशा दुसऱ्या बाजूने वाचला होता. अंगोलाचे प्रतिनिधी म्हणून गाल्वाँव यांनी १९४७ साली राष्ट्रसभेपुढे सक्तमजुरीसंबंधी अहवाल ठेवला. त्यांचा निष्कर्ष असा की ही स्थिती काही बाबतींत गुलामगिरीहून वाईट आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने तो तिची काळजी घेई, शासनाकडून मिळालेला मजूर मेला तर दुसरा मागविता येतो. गाल्वाँव साम्राज्याचे विरोधक नव्हते. साम्राज्याने स्वतःविषयी सांगितलेली कथा त्यांनी खरी मानली, आणि म्हणूनच ती खोटी ठरल्याचे त्यांना सहन झाले नाही. १९५२ मध्ये त्यांना अटक झाली. १९५९ मध्ये ते निसटले. २२ जानेवारी १९६१ रोजी त्यांनी साथीदारांसह ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाज ताब्यात घेतले. ते लुआंडाकडे येईल या अपेक्षेने तेथे परदेशी वार्ताहर जमले. जहाज ब्राझिलला गेले. पण ४ फेब्रुवारीला लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला झाला आणि अंगोलातील युद्धाचा आरंभ जगाला दिसला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘देशी’ दर्जा रद्द झाला. डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा सालाझार यांनी अखेरपर्यंत लढण्याचा व शरण न जाण्याचा आदेश दिला होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करून रक्तपात टाळला. पुढे त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. आदेशाची भाषा आणि उपलब्ध शस्त्रबळ यांतील अंतर एका सेनाधिकाऱ्याने मोजले, एवढाच त्यांचा अपराध.

यानंतरची तेरा वर्षे लिस्बनच्या कायदेशीर भाषेत गोवा पोर्तुगालचाच भाग राहिला. आफ्रिकेतील तीन युद्धांनी खचलेल्या सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी राजवट उलथली. त्याच्या दोनच महिने आधी जनरल स्पिनोला यांच्या पुस्तकाने लष्करी विजय अशक्य असल्याचे छापून सांगितले होते. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने गोवा, दमण, दीव तसेच दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले; आणि तेही कराराच्या दिवसापासून नव्हे, तर भारतीय संविधानानुसार हे प्रदेश भारताचे भाग झाले त्या त्या तारखांपासून.