ज्ञानेश्वरीचं डीबगिंग

भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या आमच्या घरी दहावीचा अभ्यास म्हणजे बाहेर पॉवरलूमची खटखट आणि समोर गाईड. मराठीच्या तासाला ओवी आली की अर्थ पाठ करायचा, मार्क घ्यायचे, विषय संपला. ही ओवी आपल्यापर्यंत पोचली कशी, हे कुणी विचारलंच नाही. मीपण नाही.

१२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या सांगितल्या. सच्चिदानंदबाबांनी त्या लिहून घेतल्या, असं परंपरा मानते. तेव्हा छापखाना कुठला? हाताने नक्कल, मग नकलेची नक्कल. कुणाचा शब्द चुकला, कुणी पदरची ओवी घातली. जवळपास ३०० वर्षं हे चाललं. मग १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी पोथी शुद्ध केली. वर तंबीही दिली: यात आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. रिव्ह्यू न करता कोड मर्ज करणाऱ्याला आमच्याकडे इतकं छान कुणी झापत नाही!

पण गंमत पुढेच आहे. १९०९ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी वेगळीच पोथी छापली. त्यांच्या मते ती एकनाथांच्याही आधीची. शब्दांची रूपं बरीच वेगळी. अभ्यासकांचे वाद झाले. मग ज्ञानेश्वरांच्या तोंडचा शब्द नेमका कोणता? हा प्रश्न वर्गात निघाला असता ना, तर मी शेवटच्या बाकावर पेंगलो नसतो.

सध्या दोन्ही पाठ शेजारी ठेवून पहिला अध्याय वाचतोय. स्पीड अगदीच कमी आहे.