तारेला ओवलेल्या भाडेपावत्या

बडोद्यातल्या मराठी माणसांचा इतिहास म्हटला की सयाजीराव महाराज आणि त्यांचा राजवाडा आधी आठवतात. पण आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांचा इतिहास घडला तो वाड्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. त्याचा लेखी पुरावा म्हणजे तारेला ओवून खुंटीला टांगलेल्या भाडेपावत्या. त्या आपल्या आजीने एवढ्या का जपल्या, ते सांगावे म्हणून हा लेख.

मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये भाड्यावर कायद्याने बंधन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर आला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. तेव्हा बडोदे संस्थान होते. १ मे १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे हा कायदाही आपल्या वाड्यांत शिरला. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, तरी नावात 'मुंबई' ठेवूनच तो चालू राहिला.

प्रमाणभाड्यासाठी कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे पाया धरले. जागा त्यानंतर प्रथम दिली असेल, तर तेव्हाचे पहिले भाडे. भाडेकरू हे भाडे व परवानगी असलेली वाढ देत राहील किंवा द्यायला तयार असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नसे. पोटभाडेकरू ठेवला किंवा मालकाला स्वतःलाच जागेची खरी गरज असली, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही जास्त हाल कोणाचे होतील, हे कोर्ट पाहत असे. भाडेकरू वारला, तर सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला हक्क मिळे. पागडी घेण्यास बंदी होती (ती किती पाळली गेली, हे वाचकांना सांगायला नको!). आणि भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक होते. करार बहुधा तोंडीच असे, त्यामुळे ती चिठ्ठी म्हणजेच करार.

मालकांचेही ऐकायला हवे. वाड्याचे मालक पुष्कळदा आपल्यातलेच. मिळणाऱ्या भाड्यात कौले बदलणेही जमेना, आणि भिंती खचत गेल्या. भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये महाराष्ट्राच्या एका खटल्यात म्हटले. आमच्या मते ते योग्यच होते, पण वाड्यांच्या दृष्टीने फार उशिरा.

आता सगळीकडे अकरा महिन्यांचा करार दिसतो. तो अकराच महिन्यांचा का? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वर्षावर्षाने चालणारा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. त्यातून सुटण्यासाठी ही पळवाट. महाराष्ट्राने १९९९ च्या कायद्यात ती बंद केली. तिथे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीचा खर्च वाचतो खरा, पण नोंद नसलेल्या कागदावर वाद झाला की दोन्ही बाजूंना वकील गाठावा लागतो.

वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि तारेवरचे गठ्ठे रद्दीत जात आहेत. जी कुटुंबे अजून जुन्या जागेत राहतात, त्यांनी पावत्या मुळीच टाकू नयेत. ज्यांनी जागा सोडली, त्यांनी रद्दीवाल्याला देण्याआधी निदान छायाप्रती मंडळाकडे द्याव्यात. कोणत्या वाड्यात, कोणत्या साली, कोण किती भाड्याने राहत होते, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही.